पंपाला नव्हे, मीटरला जोडा

पिंपरी-चिंचवडच्या नव्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत हल्ली एक विषय हमखास येतो: स्विमिंग पूलचा पंप सोलरवर न्यायचा. मोशी, रावेत, पुनावळे, वाकड, कुठेही जा. लिफ्टचा मेंटेनन्स, पार्किंगचं भांडण आणि टँकरचं बिल झालं की पुढचा नंबर याचा. आमच्याकडेही यंदा तो आला. विक्रेत्याचा माणूस रंगीत पत्रकं घेऊन आला होता. गच्चीवर पॅनेल, खाली पंप, मध्ये एक वायर. बॅटरी नाही, मीटर नाही, बिल नाही. सूर्य फुकट, म्हणजे पंपही फुकट. लोकांनी माना डोलावल्या.

मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोटार, पंप आणि ड्राइव्ह यांच्यातच दिवस जातो, त्यामुळे असा विषय निघाला की सभेत माझ्याकडे पाहिलं जातं. तिथे मी माझं मत थोडक्यात सांगितलं. इथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न एका सोसायटीचा नाही, आणि फक्त स्विमिंग पूलचाही नाही. माझं म्हणणं असं: सोलर जरूर घ्या, पण ते पंपाला जोडू नका, मीटरला जोडा. आणि त्याच्याही आधी पंप हळू करा.

पुष्कळांना वाटतं की हा पंप पूल भरतो. तसं नाही. एकदा भरलेलं पाणी फिरवत ठेवणं एवढंच त्याचं काम. कडेच्या स्किमरमधून आणि तळाच्या जाळीतून पाणी ओढायचं, वाळूच्या फिल्टरमधून ढकलायचं आणि भिंतीतल्या तोंडांतून परत पूलमध्ये सोडायचं. पाणी फिरलं तर कचरा गाळला जातो, क्लोरीन सगळीकडे पोचतं, शेवाळ धरत नाही. पण हे काम तातडीचं नसतं. लिफ्ट आत्ता हवी असते, जिन्यातला दिवा आत्ता हवा असतो, वरची टाकी रिकामी झाली की पाणी आत्ता चढवावं लागतं. पूलचं पाणी सकाळी दहाला फिरलं काय आणि दुपारी दोनला फिरलं काय, दिवसभरात फिरलं की झालं. सोसायटीतल्या सगळ्या यंत्रांत सबुरीचं यंत्र हेच. ऊन असताना चालावं, नसताना थांबावं, त्याची तक्रार नसते. म्हणून सोलरशी त्याची जोडी जमते, हे विक्रेत्याचं म्हणणं अगदी खरं आहे.

शिवाय उघड्या पूलमधलं क्लोरीन उन्हातच संपतं. पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर कडक उन्हात काही तासांत त्यातलं बरंचसं नाहीसं होतं. म्हणजे पाणी फिरवायची गरज दिवसाच जास्त. तरीही किती सोसायट्यांत हा पंप रात्रभर चालतो ते वॉचमनला विचारून पाहा. पूल बंद झाला की बटण दाबायचं, पहाटे बंद करायचं. कारण काही नाही, पहिल्यापासून तसंच चालत आलंय.

याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. मोशीतून नाशिक रस्त्याला लागलं की चाकण, आणि चाकणच्या पुढे खेड तालुक्याची शेतं. तिथल्या शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या पंपाला थ्री फेज वीज पाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कांद्याला पाणी द्यायला अंधारात जायचं. पायाखाली साप, उसात बिबट्या. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही त्याची कित्येक वर्षांची मागणी आहे. केंद्राची २०१९ची पीएम-कुसुम योजना आणि राज्याची २०२४ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना, या दोन्हींच्या मागे ही मागणी आहे. राज्याच्या योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. जमीन किती आहे त्याप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा पंप. ज्याला दिवसा वीज हवी त्याला ती रात्री मिळते, आणि ज्याला रात्रीची गरज नाही ते आम्ही सवयीपोटी रात्री वापरतो. तेव्हा पहिली सुधारणा सोलरची नाहीच. हजार-दोन हजारांचा टायमर लावा आणि पंप दिवसा चालवा.

दुसरी सुधारणा वेगाची. इथे जरा आकड्यांत शिरावं लागेल.

समजा पूल १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे. म्हणजे ९० हजार लिटर पाणी. त्यावर २ हॉर्सपॉवरचा पंप, तासाला सुमारे २० हजार लिटर फिरवणारा. तो जवळपास १.९ किलोवॅट ओढतो. दिवसाला दहा तास चालला तर १९ युनिट, महिन्याला ५७०. युनिटला १२ रुपये धरले तर ६,८४० रुपये. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणून विक्रेता सरळ ५ किलोवॅट सुचवतो. हिशेब बरोबर, पण तो चुकीच्या जागेवरून सुरू केलेला.

पंपाचा एक गुणधर्म असा की वेग अर्धा केला तर पाणी अर्धं येतं, पण वीज अर्धी लागत नाही, आठवा हिस्सा लागते. वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज लागते, म्हणून. हे प्रत्येक पंपाला लागू पडत नाही, आणि तेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणीतरी टाकीच्या पंपाला ड्राइव्ह लावून बसेल. टाकीच्या पंपाला पाणी बाराव्या मजल्याच्या वर चढवायचं असतं. त्याचा वेग निम्मा केला तर पाणी सहाव्या मजल्यापर्यंतही पोचणार नाही, नुसती मोटार फिरेल. पूलचं तसं नाही. पाणी जिथून घेतलं तिथेच परत सोडायचंय, उंची गाठायचीच नाही. जी काही वीज लागते ती पाइपमधल्या आणि वाळूतल्या घर्षणावर मात करायला. पाणी सावकाश गेलं की घर्षणच कमी होतं.

म्हणून मोटारीला व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावायचा. चाकणच्या कोणत्याही कारखान्यात असे ड्राइव्ह भिंतभर लावलेले दिसतील, त्यात काही नवल नाही. पंप ५० ऐवजी ३० हर्ट्झवर चालवला तर तासाला १२ हजार लिटर फिरतं आणि इकडचा-तिकडचा तोटा धरून अर्धा किलोवॅट पुरतो. सकाळी तासभर पूर्ण वेग ठेवा म्हणजे रात्री पडलेली पानं स्किमर ओढून घेईल. संध्याकाळी गर्दीच्या दोन तासांत पूर्ण वेग ठेवा. मधले सात तास हळू. दिवसभरात १ लाख ४४ हजार लिटर पाणी फिरतं, म्हणजे पूल दीडपटीहून जास्त वेळा गाळला जातो, आणि वीज जाते नऊ-साडेनऊ युनिट. १९ वरून थेट निम्म्यावर. आणि अजून एकही पॅनेल बसवलेलं नाही. वाळूचा फिल्टरही सावकाश पाण्यात उलट चांगलं गाळतो.

काही पथ्यं आहेत. तुमची मोटार सिंगल फेजची, कपॅसिटरवाली असेल तर तिला ड्राइव्ह लावू नका, ती तापेल. आधी थ्री फेज मोटार घ्या. ३० हर्ट्झच्या फार खाली जाऊ नका, कारण मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही मंदावतो. आणि फिल्टरचं बॅकवॉश करताना पंप पूर्ण वेगानंच चालवा, नाहीतर वाळूतली घाण उचलली जात नाही. एवढ्या क्षमतेचा ड्राइव्ह साधारण पंधरा-वीस हजारांत बसतो. त्यानं अडीच किलोवॅटचं पॅनेल वाचतं; किलोवॅटला पन्नास-साठ हजार धरले तर सव्वा ते दीड लाख रुपये. विक्रेता हे का सांगत नाही, हे विचारायची गरज नाही. तो पॅनेल विकतो.

आता जोडणीचं. इथेच खरा मतभेद आहे.

पॅनेल थेट पंपाला जोडता येतं. उन्हावर चालणारा ड्राइव्ह मिळतो, तो जुन्या थ्री फेज मोटारीलाही चालतो. ऊन वाढलं की पंप जोरात, ढग आला की हळू. विजेचा खांबही नसलेल्या शेतात ही व्यवस्था उत्तम. पण सोसायटीचा विचार करा. आमच्याकडे माणसं पूलवर कधी येतात? हिंजवडीहून आणि चाकणहून घरी परतल्यावर, संध्याकाळी सातनंतर. तेव्हा ऊन नसतं. म्हणजे पंपाला महावितरणची वीज लागणारच. पावसाळ्यात बऱ्याच सोसायट्या पूल बंद ठेवतात, डिसेंबर-जानेवारीत पाणी गार म्हणून कुणी उतरत नाही. त्या महिन्यांत पंपाला बांधलेली पॅनेलं गच्चीवर नुसती ऊन खात बसतात, आणि त्याच वेळी खाली लिफ्ट महागड्या युनिटवर चालत असते.

तीच पॅनेलं कॉमन मीटरला नेट मीटरिंगनं जोडली तर त्यांचं प्रत्येक युनिट कामाला येतं. पंप चालला तर पंपाला, नाहीतर लिफ्टला, टाकीच्या पंपाला, आणि तरी उरलं तर महावितरणच्या लाइनवर जाऊन बिलातून वजा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. पत्रकात नसलेली एक गोष्टही सांगतो: वीज गेली की अशी साधी यंत्रणा भर उन्हातही बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. पूलला याचं काही वाटत नाही. तो थांबतो.

पण माझ्या दृष्टीनं मोठं कारण पैशाचं नाही. पॅनेल पंपाला बांधलं की वापरली नाही ती वीज वाया. मग माणूस काय करतो? वापरतो. पंप चालूच राहू दे, फुकटच आहे. कारंजं लावा, धबधबा लावा, फुकटच आहे. बिल हा एक लगाम होता, तो सुटतो. पॅनेल मीटरला बांधलं की न वापरलेल्या युनिटला किंमत येते. पंप बंद ठेवला तर बिल कमी होतं, म्हणजे बंद ठेवायला कारण मिळतं.

हे मी नवीन सांगत नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. सौर पंपांबद्दल शेतीतज्ज्ञांना जी भीती वाटत होती, की वीज फुकट झाली तर शेतकरी जमिनीतलं पाणी उपसून उपसून संपवेल, तिच्यावर तिथे २०१६च्या सुमारास एक साधा उपाय करून पाहिला गेला. सौर पंप असलेल्या मोजक्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था केली आणि त्यांची उरलेली वीज वीज कंपनी विकत घेऊ लागली. ऊन हेही पीक झालं. पंप चालवायचा की वीज विकायची, हा निवाडा शेतकऱ्याच्या हातात आला. जिथे पाणी उपसण्यालाच फायदा होता, तिथे न उपसण्यालाही फायदा झाला. शेतकऱ्याला जे लागू तेच आम्हा फ्लॅटवाल्यांना लागू. स्वभाव सारखाच.

आणि आमच्या शहराला पाण्याची काळजी न करण्याची चैन परवडणारी नाही. २०१९च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी आहे. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीला शुद्ध करतात. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून निघोजेला उचलून चिखलीला. उचलायचं म्हणजे तिथेही पंप, तिथेही वीज. पूलमध्ये पोचलेल्या प्रत्येक लिटरमध्ये ती वीज आधीच खर्ची पडलेली असते, पण ती आपल्या मीटरवर दिसत नाही. आणि दिसत नाहीत अशा आणखीही गोष्टी आहेत. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीनं या शहरात आणायच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले, त्यात एक बाई होती. या शहरात पाण्याविषयी बोलताना हे विसरून बोलणं मला जमत नाही.

पूलचा पाण्याचा हिशेब विजेपेक्षा सोपा आहे. वर दिलेल्या मापाच्या पूलचा पृष्ठभाग ७२ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी उडालं तरी दिवसाला ४३० लिटर, महिन्याला १३ हजार. म्हणजे दहा हजारांचा एक टँकर पुरत नाही. आठवड्याला एक बॅकवॉश, दर वेळी हजार-दीड हजार लिटर गटारात. पूल वापरात नसताना वर ताडपत्रीसारखं कव्हर ओढलं तर उडणारं पाणी बरंच थांबतं, क्लोरीनही टिकतं. बॅकवॉशचं पाणी एक दिवस टाकीत राहू दिलं की झाडांना चालतं. या दोन्ही गोष्टींना सोलरपेक्षा कमी पैसे लागतात. पण कव्हर ओढायला माणूस लागतो आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. गच्चीवरच्या पॅनेलचा येतो.

इथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील, एवढी यातायात कशाला, पूलच बंद करा. टँकरनं पाणी आणणाऱ्या सोसायटीत पूल म्हणजे इसराफ, उधळपट्टी. एका भावानं मला हे तोंडावर सुनावलंही. मला हे पटत नाही. पोहायला शिकवणं ही चैन नव्हे. मुलांना पोहणं शिकवा, ही हजरत उमर यांच्या नावानं सांगितली जाणारी सूचना आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आणि दर उन्हाळ्यात इंद्रायणीत, पवनेत, खाणींच्या खड्ड्यांत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यात आपल्या वस्त्यांमधली मुलंही असतात. त्यांच्यापैकी कुणाला सोसायटीचा पूल मिळालेला नसतो. इसराफ पोहण्यात नाही. उडणाऱ्या पाण्यावर कव्हर न टाकण्यात आहे, रिकाम्या पूलभोवती रात्रभर पंप फिरवण्यात आहे.

आणि बोट सोसायटीकडे दाखवायचं तर आपल्या मशिदीकडेही पाहावं लागेल. आपल्या भागातल्या मशिदींमध्येही सोलरसाठी चंदा सुरू झालाय. सदका-ए-जारिया म्हणून लोक मनापासून देतात, त्यात वाईट काही नाही. माणूस गेल्यावरही पॅनेल चालत राहतं, पंखा फिरत राहतो, सवाब मिळत राहतो. कल्पना सुंदर आहे. पण ज्या वजूखान्यासाठी पंप सोलरवर न्यायचा, तिथे एकदा जुम्याला उभं राहून पाहा. नळ पूर्ण सोडलेला, एक हात दाढीवर, आणि शेजारच्याशी गप्पा. मी बादली लावून मोजलंय. असा नळ मिनिटाला सहा-सात लिटर टाकतो. दोन मिनिटांच्या वजूत बारा-चौदा लिटर. रसूलुल्लाह एक मुद्द पाण्यात वजू करत असं हदीसमध्ये येतं. मुद्द म्हणजे आजच्या मापानं पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीच्या काठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही साद यांना केलेली ताकीद तर लहानपणापासून आपण ऐकतो. नदी फुकट असते, तिला मीटर नसतो. तरी ताकीद आहे. मला वाटतं ती आजच्या सोलर पंपाला जशीच्या तशी लागू पडते.

जुन्या मशिदींमध्ये हौद होता. हौदातून हातानं पाणी घेतलं की ओंजळीपेक्षा जास्त येत नाही. नळ आला आणि ओंजळीचं माप गेलं. हौद परत आणा असं मी म्हणत नाही, जागाही नाही. पण नळाच्या तोंडाला पन्नास-शंभर रुपयांची जाळी बसवली तर पाणी निम्म्यावर येतं. पाणी निम्मं म्हणजे ते टाकीत चढवायचा वेळही निम्मा. त्यानंतर सोलर बसवा, म्हणजे चंद्याचा पैसा पंख्यांना आणि मक्तबमधल्या दिव्यांना पुरेल. पॅनेलसाठी पावती फाडणारे खूप मिळतात, जाळीसाठी पावती फाडायला कुणी येत नाही, ही खरी अडचण.

हौदाचा विषय निघाला की मला औरंगाबादची पाणचक्की आठवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली. दूरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या नळानं पाणी आणलं, उंच भिंतीवर चढवलं, तिथून खाली सोडलं आणि त्या पडण्याच्या जोरावर जातं फिरवलं. खानकाहच्या आणि मुसाफिरांच्या पिठाची सोय झाली. त्या काळात ना बिल ना सबसिडी. पण पाहण्यासारखं पुढे आहे. जातं फिरवून झालेलं पाणी सोडून दिलेलं नाही. मोठ्या हौदात घेतलंय. आणि हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, म्हणून उन्हाळ्यात खाली गारवा. एका पाण्यानं तीन कामं. येणाऱ्या पाण्याचं माप आधी घेतलं आणि त्याला झेपेल एवढंच जातं बसवलं. आमच्याकडे आधी २ हॉर्सपॉवरचा पंप बसतो, मग त्याला पुरतील एवढी पॅनेलं शोधायची.

आमच्या सभेचं सांगायचं तर ठराव एक महिना पुढे ढकलला गेलाय. टायमर मात्र लागला. पंप आता सकाळी आठला सुरू होतो. दुपारी अकरा ते बारा बायकांची वेगळी बॅच आहे. ती मागितली होती आमच्याच दोन-तीन घरांतल्या बायकांनी, सभेत कुरबुर झाली होती की एकाच समाजासाठी वेगळी वेळ कशाला. सुरू झाल्यावर त्या बॅचला सगळ्यांत जास्त नावं देशपांडे, पाटील आणि नायर आडनावांची निघाली. त्यांनाही तेच हवं होतं, मागायचा संकोच होता. आता त्या वेळी ऊनही असतं आणि पंपही चालू असतो. सोलर बसलं की दिवसातला सर्वात स्वस्त तास तोच असेल.

सोसायट्यांपेक्षाही आधी हे काम महापालिकेच्या तलावांवर व्हायला हवं, हेही इथे नोंदवतो. नेहरूनगर असो, कासारवाडी असो, भोसरी असो, तिथले पंप आमच्यापेक्षा कितीतरी मोठे, तास जास्त, आणि तिकीट परवडणारं असल्यामुळे कामगारांची मुलं शिकतात ती तिथेच. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तिथे उद्या कुणी पॅनेलचा प्रस्ताव घेऊन आलं, तर नगरसेवकांनी फीत कापण्याआधी पंपघरात जाऊन क्लोरीनची सोय, ड्राइव्ह आणि टायमर या तीन गोष्टी पाहाव्यात. माझ्यासारखे मेंटेनन्सवाले या शहरात हजारोंनी आहेत. बोलावलं तर रविवारी येतील.